डब्याखालचे पहिले पान

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. राहत्या घरांच्या मोठ्या इमारतीच्या नळकामाच्या नकाशांतले पहिले. नकाशांतले असूनही माझ्या अंगावर एकही भिंत नाही की पाइप नाही. आहेत त्या नुसत्या बेचाळीस ओळी: डावीकडे दोन-तीन अक्षरे, उजवीकडे त्यांचा अर्थ. नकाशात जागा थोडी, म्हणून पाइपाशेजारी तेवढी अक्षरेच लिहितात. मला तयार करणाऱ्या बाई गठ्ठा बांधताना म्हणाल्या होत्या, "हे वर ठेवा. हे गेलं तर बाकीची मुकी."

बांधकामावर मिस्त्रीमामांनी मला उलटसुलट पाहिले. "यावर चित्रच नाही," म्हणाले, आणि मला गठ्ठ्यातून काढून जेवणाच्या डब्याखाली अंथरले. मामा तीस वर्षे पाइप जोडत आलेले. 'माहीत नाही' हे त्यांच्या तोंडून निघत नसे. त्याऐवजी ते 'असणार' म्हणत. एका दिवसात मी नऊ 'असणार' मोजले आहेत. त्यांतले सात बरोबर निघाले, हे कबूल करायला हवे. मला धास्ती असायची ती उरलेल्या दोनांची.

चौथ्या मजल्यावर ती खरी ठरली. तिथे स्वयंपाकघर होणार होते. मामांची भाची त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. नकाशावर बोट ठेवून तिने विचारले, "मामा, इथे एफसीओ लिहिलंय. म्हणजे काय?"

"जाळी असणार. फरशी धुतली की पाणी जायला."

"जाळीला तर तिकडे एफडी लिहिलंय."

"अगं, लिहिणाऱ्याचा हात तो. आज एक लिहितो, उद्या दुसरं."

दहा पावलांवर मी डब्याखाली पडून होते आणि उत्तर माझ्या एकोणिसाव्या ओळीत होते: एफसीओ, म्हणजे तुंबलेला पाइप साफ करायचे फरशीतले तोंड, घट्ट झाकणाचे. तिथे जाळी बसली, तर पाइप तुंबेल त्या दिवशी सगळी घाण स्वयंपाकघरात वर येणार. फरशीवाल्याने सिमेंट कालवायला घेतले होते. मला हाक मारता येत नव्हती.

भाची घुटमळली. "मामा, अक्षरांचं एक पान होतं ना?"

"आहे की डब्याखाली. तेवढाच त्याचा उपयोग."

तिने डबा उचलला, बाहीने तेल पुसले आणि एकोणिसावी ओळ मोठ्याने वाचली. मामांनी चष्मा लावून ती पुन्हा स्वतः वाचली. मग फरशीवाल्याला हात केला, "थांब रे जरा."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात भाचीने हळूच विचारले, "मामा, खालच्या तीन मजल्यांवर काय बसवलंय आपण?"

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"छिन्नी घे," म्हणाले. मला गुंडाळून काखेत घेतले आणि जिना उतरू लागले. काखेतल्या घामाने मी ओले झाले. खाली फरशा बसून सुकल्या होत्या. पहिल्या मजल्यावर तर माणसे राहायला आलेली. भांडी घासल्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

मित्रांनो, चित्र नसलेले पानही जपून ठेवा. आणि 'असणार' म्हणण्याआधी डबा तेवढा उचलून बघा.