साडूंपेक्षा एक खोली जास्त

आमच्या साडूंनी किल्ला पाहिला, ही बातमी मला त्यांच्या तोंडून कळली असती तर मी ती पचवली असती. पण ती मला त्यांच्या मोबाइलमधून कळली, एकशे चाळीस फोटोंमधून, आणि प्रत्येक फोटोत किल्ल्याच्या पुढे साडू उभे. तटबंदी अशी काही आहे, हे त्यांच्या डाव्या खांद्याच्या बाजूला जेमतेम दिसत होतं.

"साडेचारशे वर्षं एकच घराणं," साडू म्हणाले. "अजून तिथंच राहतात. मालकीणबाईंनी स्वतः फिरवलं. सात खोल्या दाखवल्या, सात! खाली पाच, वर दोन."

"म्हणजे पूर्ण किल्ला नाही दाखवला," मी म्हणालो.

"बुरुजातली आठवी राहिली. ती कुणालाच दाखवत नाहीत."

त्या क्षणी मला आयुष्यात पुन्हा एक ध्येय मिळालं.

मी जळत नाही. आमच्या घराण्यात कुणीच जळत नाही. फक्त साडूंनी गाडी घेतली तेव्हा मला तीन दिवस आम्लपित्त झालं होतं, आणि ती विकून त्यांनी दुसरी घेतली तेव्हा मला डॉक्टर बदलावा लागला. याचा त्याच्याशी संबंध जोडणारे लोक आहेत. त्यातली एक माझ्या घरातच असते.

तिनं, म्हणजे बायकोनं, एका फोटोत साडूंच्या कानामागे काहीतरी पाहिलं आणि दोन बोटांनी ते मोठं केलं. "भाऊजी, हे टेबल कसलं?"

"ती शिवणाची खोली. घरातल्या बायका पिढ्यान् पिढ्या तिथंच कपडे बेतायच्या म्हणे. भिंतभर कप्पे आहेत, कागदी नमुन्यांचे. मी काही फार लक्ष दिलं नाही."

बायको गेली तीस वर्षं घरी कपडे दुरुस्तीचं काम करते. लोकांचे कोट उसवून, आतून कोणी काय चलाखी केली आहे ते बघण्यात तिला जो आनंद मिळतो तो मला कधी लग्नाच्या वाढदिवसालाही देता आलेला नाही. तिनं तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेतला. त्यातून साडू कापून टाकले आणि टेबल ठेवलं.

"आपण जायचं," ती म्हणाली. "मला ती खोली बघायची आहे. बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल."

मला मात्र बाकी सगळंच बघायचं होतं.

त्या घराण्याची एक रीत आहे. फोनवर नोंदणी नाही, ऑनलाइन तर नाहीच. हातानं पत्र लिहायचं: आम्ही कोण, किती जण, काय बघायचं आहे. पटलं तर मालकीणबाई उत्तर देतात. फक्त गुरुवारी, फक्त आठ माणसं. बायकोनं थर्मास घासून ठेवला, गुडघ्याचा पट्टा शोधला, बाहीच्या गोलाईबद्दल विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहिले, आणि पत्र माझ्यावर सोपवलं. माणूस ओळखण्यात तिची चूक क्वचितच होते.

मी चौतीस वर्षं इमारत तपासनीस होतो. निवृत्त होताना माझ्याकडून शिक्का परत घ्यायचं ऑफिस विसरलं, आणि परत द्यायचं मी विसरलो. मी लिहायला बसलो आणि हात आपोआप चालू लागला.

जावक क्रमांक १. विषय : आपल्या किल्ल्याच्या पाहणीबाबत. संदर्भ : आमच्या साडूंनी दिलेली भेट. मग प्रश्न. जिन्याला कठडा आहे काय? (हा बायकोच्या गुडघ्यासाठी.) वरच्या मजल्यावरच्या लाकडी फळ्यांवर एका वेळी किती माणसं उभी करता? बुरुजातली आठवी खोली कोणाच्या आदेशावरून बंद ठेवली आहे? आणि शेवटी, पत्र कसं भरीव वाटावं म्हणून : सात दिवसांत खुलासा न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल. खाली सही, हुद्दा, त्यापुढे कंसात 'निवृत्त'. खोटं कशाला बोलू? शिक्का नेमका 'निवृत्त'वर बसला, त्याला मी काय करणार?

पाचव्या दिवशी उत्तर आलं.

'आपले पत्र मिळाले. आमच्याकडून काही चूक होत असल्यास क्षमस्व. गुरुवारी सकाळी दहा वाजता आपण एकट्याने यावे. आठही खोल्या उघडून ठेवतो. आपला शेरा मिळेपर्यंत वरच्या दोन्ही खोल्या, शिवणाची व नकाशांची, पाहुण्यांसाठी बंद केल्या आहेत. घरच्यांनाही मनाई आहे. माझ्या सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या असून रोज दुपारी शिवणाच्या खोलीतच बसत. त्यांची खुर्ची खाली आणली आहे.'

आठही! मी पुढचं वाचायच्या आधीच साडूंना फोन लावला. ते उचलेपर्यंत बायकोनं पत्र हातातून घेतलं.

"बोला साहेब!" साडू म्हणाले. "जमलं का किल्ल्याचं? नसेल जमत तर सांगा, मी मालकीणबाईंकडे शब्द टाकतो."

बायको पत्राच्या शेवटच्या ओळीपाशी पोचली होती. तिनं पत्रावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. "बघू," मी म्हणालो आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा साडूंपेक्षा एक खोली जास्त हाती होती, आणि सांगता येत नव्हतं.

"तुम्ही काय लिहिलं होतं?" तिनं विचारलं.

कार्यालयीन प्रत फाइलमध्ये होती. तिनं ती उभ्यानंच वाचली.

"अहो, ही नोटीस आहे."

"सवय आहे गं. चौतीस वर्षांची."

"घरी बसून सहा वर्षं झाली तुम्हाला. त्या आजीबाईंना खुर्चीसकट खाली आणलंत."

"मी कुठं आणलं?"

"मग कुणी, भाऊजींनी?" ती मशीनपाशी जाऊन बसली. "जा तुम्ही. एकट्यानं या असं लिहिलंय. आठ खोल्या बघा, आणि मला काही सांगू नका."

ती भांडली असती तर मी निदान बरोबरीत सुटलो असतो. पण ती सुईत दोरा ओवू लागली, आणि प्रश्नांचा तो कागद घडी करून तिनं एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खांद्याखाली आधाराला सरकवला.

अर्धा दिवस मी बुरुजाच्या खोलीचा विचार करत बसलो. मग साधा कागद घेतला. जावक क्रमांक घातला नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करायची तेच कळेना. मी निवृत्त आहे, मला कसलाही अधिकार नाही, आजीबाईंची खुर्ची कृपया वर न्यावी. बायको शिवणकाम करते आणि तिला फक्त ती एक खोली बघायची आहे. माझे प्रश्न केवळ उत्सुकतेपोटी होते.

कच्चा मसुदा तिला दाखवला. तिनं शिवणाच्या खडूनं 'उत्सुकते' या शब्दावर तिरपी रेघ मारली, आखूड झालेल्या बाहीवर मारते तशी. मी तिथं 'जळफळाटा' लिहिलं, आणि साडूंच्या सात खोल्यांचंही लिहून टाकलं. शिक्का तिनं बटणांच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

दुसरं उत्तर लवकर आलं. या वेळी ते तिनं मोठ्यानं वाचलं.

'आपले पत्र ऐकून सासूबाई आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. आमच्या घराण्यातही साडू आहेत. गुरुवारी दोघांनी यावे. मात्र फळ्यांबद्दल आपण विचारल्यामुळे आम्ही सुतार बोलावला, तर दोन तुळया पोखरलेल्या निघाल्या. त्याबद्दल आभार. नकाशांची खोली कायमची बंद केली आहे. शिवणाच्या खोलीत यापुढे एका वेळी दोनच माणसे राहतील : सासूबाई आणि आपल्या पत्नी. जे कप्पे आजवर कुणासाठी उघडले नाहीत ते त्या उघडणार आहेत. आपण खाली थांबावे. बुरुज नेहमीप्रमाणे बंद.'

बायकोनं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा नुसते कप्पे. मग कोटाखालून प्रश्नांचा कागद काढून हातानं सरळ केला.

मी मनाशी मांडून पाहिलं. मला पाच खोल्या. तिला सहा, कप्प्यांसकट. साडूंना सात, आणि त्यांतली एक आता दुसऱ्या कुठल्याच पाहुण्याला दिसणार नव्हती. पोखरलेल्या तुळया मी शोधल्या, आणि अमर झाले साडू. शिवाय आता घरातल्या घरात आणखी एका माणसावर जळायची सोय झाली होती, ती निराळीच.

गुरुवारी सकाळी ती चपला घालत होती. "तुम्ही खाली बसणार ना? मग वरून काही विचारून येऊ का तुमच्यासाठी?"

"विचार," मी थर्मास उचलत म्हणालो, "की साडू नकाशांच्या खोलीत खरंच आत गेले होते, का दारातूनच फोटो काढला?"