चतुराबाईचा मणका

"धर वं माया, नीट धर," म्हणत चतुराबाईनं खिचडीचा गंज शेगडीवरून उचलला आणि तिच्या पाठीत, कमरेच्या थोडं वर, कडकन् झालं. चुलीत घालायला कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज. गंजाचा दुसरा कान धरलेल्या मायालाही तो ऐकू गेला.

"काय मोडलं जी काकू?"

ओठ दाबून चतुराबाईनं गंज आधी खाली टेकवला. शाळेची सगळी पोरं ताटं घेऊन व्हरांड्यात बसली होती. खिचडी सांडली असती तर तेवढी पोरं उपाशी गेली असती. गंज नीट टेकला आणि मग ती भिंतीला धरून खाली बसली ती उठलीच नाही. संध्याकाळी मायानं आणि चतुराबाईच्या मुलानं, सुगतनं, तिला खाटेवर घालून घरी नेलं.

भातकुलीजवळच्या त्या गावात प्रत्येकाकडे एक कारण होतं. कुणी म्हणालं लचक भरली, कुणी म्हणालं वात. माया म्हणाली, "आपलं पानीच खारं. हाडं खाते थे." पण माया जन्मापासून तेच पाणी पीत होती आणि चाळिशीतही गंज एकटी उचलत होती.

मागच्या उन्हाळ्यात चतुराबाई मोरीत घसरली होती आणि नुसता हात टेकला तर मनगट मोडलं होतं. दोन-तीन वर्षांपासून तिचा परकर जमिनीला घासत होता. आजकाल शिंपी मापं चुकवतात असं ती सगळ्यांना सांगे. एकदा तर त्या शिंप्याशी भांडूनही आली होती. शिंपी मापाला पक्का होता. चतुराबाईच बुटकी होत चालली होती.

इंजेक्शनं झाली, शेक झाला, पंधरा दिवस पडून झालं. शेवटी सुगतनं तिला अमरावतीला सरकारी दवाखान्यात नेलं. सुगत तिचा एकुलता एक. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला. बाप पुंजाजी गेल्यापासून घर त्याच्यावर होतं, आणि सुट्टी घ्यावी लागली की तो चिडे.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला. "मावशी, तुमचा मणका दबलाय. आणि हा वरचाही. हा जुना दिसतो. कधी दुखलं नव्हतं?"

"दुखे. पण दुखतेच ना बाईमानसाचं."

"वय?"

"एक्कावन."

बाईंनी पुन्हा एक्स-रेकडे बघितलं. हाडांची घनता मोजायची तपासणी करून आणायला सांगितली. तो कागद घेऊन चतुराबाई दुसऱ्यांदा गेली तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "पाळी कधी गेली तुमची?"

"गेली नाई. काढली. पिशवी काढली ना माही, अकोल्याले."

"किती वर्षांच्या होता?"

"हा पयलीत होता," तिनं सुगतकडे बोट केलं. "सत्तावीस असन मले."

बाईंनी एक्स-रेच्या पाकिटावर चित्र काढलं. एक पिशवी आणि तिच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन गोळे. "ही पिशवी. आणि हे अंडाशय. बाईच्या हाडांना जे बळ लागतं ते यांच्याकडून मिळतं. पन्नाशीपर्यंत ते काम करतात. तुमचे सत्ताविसाव्या वर्षीच काढून टाकलेत, पिशवीबरोबर. त्यात लहानपणी दूध मिळालं होतं का?"

चतुराबाईला हसू आलं. घरात एक शेळी होती, तिचं दूध धाकट्या भावाला. थोरल्या पोरीला कोरा चहा आणि भाकर. सुगतच्या वेळी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या होत्या. त्यांनी मळमळतं म्हणून सासूनं त्या उकिरड्यावर टाकल्या होत्या. त्यानंतर दीड वर्षात दुसरं बाळंतपण झालं होतं आणि ते मूल राहिलं नव्हतं.

"म्हणजे मुळात साठा कमी," बाई म्हणाल्या, "आणि जो होता तो पंचवीस वर्षं झिजतोय. तुमची हाडं आज पंच्याहत्तर वर्षांच्या बाईसारखी आहेत."

कमरेला पट्टा, आठवड्याला एक गोळी, आणि वजन उचलायचं नाही. शाळेचं काम गेलं.

बसमध्ये चतुराबाई खिडकीशी बसली आणि तिला अकोला आठवलं. पुंजाजी तेव्हा तिथल्या तेलाच्या गिरणीत होता. तिच्या अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. डॉक्टर म्हणाला, कॅन्सर होईल, काढून टाका. पुंजाजी घाबरला आणि हो म्हणाला. गल्लीतल्या निम्म्या बायकांचं झालेलंच होतं. आणि खरं सांगायचं तर चतुराबाईला आनंदच झाला होता. महिन्याचे तीसही दिवस कामाला जाता येई, फडकी धुवायची कटकट संपली. फक्त रात्री अंगाची आग व्हायची. सत्ताविसाव्या वर्षी ती मध्यरात्री उठून मोरीत तोंडावर पाणी मारायची. सासू म्हणे, उष्णता आहे, सब्जा खा.

तिनं सब्जा खाल्ला होता. कितीतरी वर्षं.

घरी आल्यावर तिनं पहिली हाक सुनेला मारली. कारण प्रणालीचंही पिशवी काढायचं ठरत होतं.

प्रणाली अठ्ठावीस वर्षांची. अमरावतीत कापडाच्या दुकानात कामाला. सहा वर्षांची आकांक्षा ही तिची मुलगी, त्यानंतर एकदा पोट पडलं होतं, आणि तेव्हापासून पाळी आली की दहा-दहा दिवस थांबत नसे. अकोल्याच्या माहेरी तिच्या आईचं, मावशीचं ऑपरेशन जिथं झालं, तिथंच तिनं दाखवलं होतं. चतुराबाईचंही तिथंच झालं होतं. तोच दवाखाना; आता तीन मजली, आणि म्हाताऱ्या डॉक्टरच्या खुर्चीत त्याचा मुलगा.

"नोको काढू वं बाई," चतुराबाई म्हणाली. पाकिटावरचं चित्र तिनं पुढं केलं. "पाय, या दोघांवर हाडं असतात. माही गत पाय."

प्रणालीनं चित्र बघितलं. मग म्हणाली, "आई, दुकानात बसू देत नाईत. सकाळपासून रात्रीलोक उभी. मांगल्या मयन्यात गिऱ्हाइकाले साडी दाखवून राहिली होती आन् मालकानं सगळ्यांदेखत सांगतलं, जाऊन कपडे बदलून या. तुमच्या हाडाचं मले समजते. पन ते वीस वर्सानं. मले उद्या दुकानात उभं राह्याचं हाय."

तरी चतुराबाई तिला अमरावतीच्या बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी गोळ्या दिल्या. "गोळ्यांनी बघू. नाहीच थांबलं तर पिशवी काढू, पण बाजूचे दोन्ही ठेवू." प्रणालीनं गोळ्या खाल्ल्या, मळमळ, चक्कर, एक महिना बरा, दुसरा पुन्हा तसाच. बाईंनी गोळी बदलून देते म्हटलं. पण प्रणाली थकली होती. आणि सुगत म्हणाला, "किती खेपा सुट्टी काढू मी?"

शेवटी तडजोड झाली. अकोल्यालाच करायचं, पिशवीच काढायची, बाजूचं ठेवायचं. चतुराबाईनं सुगतला जेवताना सांगितलं, झोपताना सांगितलं, बसस्टँडवर पुन्हा सांगितलं.

"हाव माय, समजलं ना. बाजूचं ठेवाचं. किती खेपा सांगतं?"

डॉक्टरालाही ती स्वतः भेटली. पंचेचाळिशीतला गोरा, गुळगुळीत माणूस. त्यानं तिच्याकडं, तिच्या पट्ट्याकडं बघितलं आणि प्रेमानं म्हणाला, "ठेवू ना आजी, ठेवू. तुम्ही काळजी करू नका."

ऑपरेशनची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि बायकांची मोरी तळमजल्यावर. चतुराबाईनं दम धरून बघितला. दार बंद झालं, वर लाल दिवा लागला. बराच वेळ गेला. मग तिला राहवेना. "मी आलीच," सुगतला सांगून ती कठडा धरून खाली उतरली.

उतरताना त्रास कमी होता. चढताना प्रत्येक पायरीला पाठीतून कळ येई, आणि कळ जाईपर्यंत तिला तिथंच उभं राहावं लागे. वरून येणाऱ्या बायका अंग चोरून तिच्याजवळून जात. दुसऱ्या मजल्यावर एक नर्स म्हणाली, "आजी, बसा ना जरा बाकावर." ती बसली नाही. बसलं की उठताना दुप्पट दुखतं हे तिला माहीत होतं.

ती वर पोहोचली तेव्हा सुगत दाराजवळ उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच तिचा हात कठड्यावर घट्ट झाला.

"काय झालं?"

"डॉक्टर आल्ते बाहेर. इचारलं त्यायनं."

"काय इचारलं?"

"बाजूचे बी काढाचे काय म्हणून. एकावर गाठ दिसून राहिली म्हणे लहानशी. पुढं कॅन्सर होऊ शकते, मंग पुन्हा पोट उघडा लागन." सुगतनं घाम पुसला. "मी म्हटलं काढून टाका."

"दोनी?"

"त्यायनं कॅन्सर म्हटलं, माय. मी काय करू? तू नोती इथं. लौकर सांगा म्हणे, पेशंट टेबलावर हाय."

तेवढ्यात दार उघडलं. हातमोजे घातलेली नर्स स्टीलचा ट्रे घेऊन आली. "प्रणालीचे नातेवाईक? बघून घ्या." नातेवाइकांना काढलेलं दाखवायची तिथं रीत होती. सुगतनं तोंड फिरवलं. चतुराबाई पुढं झाली, वाकता येत नव्हतं म्हणून नर्सला म्हणाली, "खाली धर बाई थोडसंक." नर्सनं ट्रे खाली धरला.

चित्रात होतं तसंच होतं. मधे पिशवी. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. एकावर हरभऱ्याएवढा फोड होता. दुसरा स्वच्छ होता.

"या दुसऱ्याले काय झालं होतं?" तिनं विचारलं.

"ते डॉक्टरांना विचारा," म्हणत नर्स ट्रे घेऊन गेली.

डॉक्टर बाहेर आला तेव्हा चतुराबाई त्याच्या वाटेत उभी होती. "तुमी ठेवतो म्हटलं होतं. दुसरा तर चांगला होता."

"आजी, पुढं त्रास नको म्हणून काढले. तुमच्या मुलाला विचारलंय. हाडांचं म्हणाल तर कॅल्शियम लिहून देतो ना. वय झालं की थोडंफार होतंच."

"मी आजी नाई," चतुराबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एक्कावनची हाय मी. तुमच्याहून पाच-सहा वर्सानं मोठी असन. तुमच्या बापानं इथंच केली मले आजी."

व्हरांड्यातली दोन-चार माणसं वळून बघू लागली. डॉक्टर तिच्या खांद्यावरून सुगतला म्हणाला, "यांना खाली बसवा. पाणी द्या." आणि जिना उतरून गेला.

सुगतनं तिचा दंड धरला. तिनं सोडवून घेतला.

प्रणाली शुद्धीवर आली ती दुपार कलल्यावर. ओठ कोरडे पडले होते. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं नाही, सासूकडं पाहिलं.

"आई, ठेवलं ना?"

सुगतनं आईला डोळ्यांनी खुणावलं. आत्ता नको. चतुराबाईला कळलं. खोटं बोलणं सोपं होतं. ती घरी जाईपर्यंत, टाके निघेपर्यंत, पाच-दहा वर्षंसुद्धा. आपल्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. चोवीस वर्षं कुणीही नाही. नवऱ्याला माहीत नव्हतं, सासूला माहीत नव्हतं, ज्याला माहीत होतं त्याला सांगावंसं वाटलं नव्हतं.

"नाई ठेवलं," ती म्हणाली. "दोनी काढले."

प्रणाली अगदी हळू म्हणाली, "तुमी तर होत्या ना इथं."

"मी जिन्यात होती."

पुढचे चार दिवस प्रणाली तिच्याशी बोलली नाही. चतुराबाईनं तिचं तोंड पुसलं, वेणी घातली, उठून चालवलं. प्रणालीनं सगळं करून घेतलं आणि एक शब्द काढला नाही. सुगत व्हरांड्यात मोबाइल बघत बसे. एकदा म्हणाला, "सुटली ना पन ती आता?"

पाचव्या दिवशी सोडलं. सुगतनं सांगून ठेवलेली गाडी आलीच नाही, म्हणून एसटीनं निघाले. जागा मिळाल्या त्या मागच्या चाकावरच्या. सुगत पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राहिला. मूर्तिजापूर गेलं आणि रस्त्याचं काम सुरू असलेला पट्टा लागला. गाडी आदळली की प्रणालीचा हात पोटाकडे जाई आणि चतुराबाईचा पाठीकडे.

दवाखान्यातून निघताना प्रणालीनं पोटाशी धरायला एक उशी घेतली होती. तिसऱ्या-चौथ्या धक्क्याला चतुराबाईनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा उशी तिच्या पाठीमागं सरकवलेली होती. प्रणाली खिडकीबाहेर कापसाच्या वावरांकडे बघत होती.

चतुराबाईनं उशी काढली आणि पुन्हा सुनेच्या पोटाशी ठेवली. तिथं हात दाबून धरला. थोड्या वेळानं प्रणालीनं तो हात बाजूला केला, उशी उचलली आणि काही न बोलता सासूच्या पाठीमागं लावली.

बडनेऱ्यापर्यंत हेच चाललं. उशी एकच होती.