न आलेली पोरं

गुंजवण्याच्या चावडीत त्या दिवशी चिमाजी पाटलाची छाती सदऱ्यात मावत नव्हती. पुण्याहून आलेले आरोग्याचे इन्स्पेक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पाटील, तुमच्या वरच्या धनगरवाडीसारखी वाडी मी मावळात पाहिली नाही. तिथं वर्षाच्या आतलं पोर मरतच नाही!"

वाडीचा कारभारी हैबती मिशीवरून हात फिरवत बसला. त्याची बायको बयाबाई पोटुशा सुनेला घेऊन दाराशी उभी होती. बयाबाईला मात्र धास्ती बसली. कारण साहेबांनी पुढचंही सांगून टाकलं होतं. साऱ्या खोऱ्याला शिकलेली सुईण एकच मिळणार होती, आणि जिथं पोरं जास्त मरतात त्या गावाला ती जाणार होती.

म्हणजे त्यांच्या वाडीला नाही.

"सायेब," बयाबाई दारातनंच बोलली, "ह्यो दर दर म्हनताय, त्यो काय असतुया?"

पाटील हसला. "वैनी, तूप इकताय त्यो दर न्हवं ह्यो!"

साहेब हसले नाहीत. भला माणूस. "बाई, हजार माणसं धरा. त्यांच्यामागं वर्षात किती पोरं जन्मली, तो जन्मदर. किती माणसं गेली, तो मृत्युदर. जन्म जास्त आणि मरण कमी, तर वस्ती वाढते. आणि जन्मलेल्या हजार पोरांपैकी वर्षाच्या आत किती गेली, तो बालमृत्युदर. तुमच्याकडं जन्म थोडे, पण सगळी जगतात."

जगतात कसली! वाडीत बारसं होईतोवर पोराचं नाव काढायचं नाही, अशी चाल. पाटलाच्या वहीत जन्म लिहायला वर्दी जायची ती बारशानंतर. त्याआधी पोर गेलं, तर बापानं ओढ्याकाठी पुरून यायचं. रडायचं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, "आलंच न्हाई." उघड बोललं की पोर नेणारी सटवाई पुन्हा त्याच घरी येते. घरात पोटुशी असली तर बोलायचंच नाही. पाटील पिढ्यान्‌पिढ्या हे जाणून होते, पण एकानंही कधी खोदून विचारलं नाही. त्यांच्या का पोटात कळा येणार होत्या?

बयाबाईनं सुनेकडं पाहिलं. बोलावं तर सटवाई. न बोलावं तर सुईण नाही; बाळंतपणाला तीच अंधारी खोपी, नाळ कापायला तोच गंजका विळा.

"कारभारी," ती नवऱ्याला म्हणाली, "म्हस व्याली आनि रेडकू मेलं, तर तुमी काय म्हनता?"

"म्हस व्याली, रेडकू मेलं. हितं म्हशीचं काय काढलंस?"

"मंग बाई व्याली आनि पोर मेलं, तर बाई व्यालीच न्हाई, ह्ये कसं?"

ती साहेबांकडं वळली.

"लिवा सायेब. माजी तीन. येक ल्योक, दोन लेकी."

हैबती ताडकन उठला. "घरात पोटुशी हाय! जीभ झडंल तुजी!"

"झडू द्या. म्या गप ऱ्हायले तवा सटवाईला घर घावलं न्हाई व्हय? तीनदा घावलं."

मग मागून वाडीतलीच अंबूबाई पुढं आली. पाण्यावरच्या भांडणापायी तिनं बयाबाईशी बोलणं टाकलं होतं. "माजं बी येक लिवा," ती म्हणाली. तिच्यामागून आणखी दोघी बोलल्या. एक म्हातारी मात्र थुंकून निघून गेली.

"आरं, वाडीचा लौकिक गेला की!" पाटील कळवळला.

साहेबांची लेखणी थांबली. "म्हणजे तुमचा जन्मदर कमी नव्हताच, बाई. आणि बालमृत्युदर शून्य नव्हता." त्यांनी वही मिटली. "सुईण इथं द्या, असं मी लिहीन. देतील की नाही, ते माझ्या हातात नाही."

"न्हाई दिली तर न्हाई. ह्या फुडं पोर आलं की त्याच दिशी वर्दी. मेलं तरी. म्या सोता यीन."

"भ्या वाटत न्हाई, वैनी?" पाटलानं विचारलं.

"वाटतंय की. तरी बी यीन."

राजगडाच्या पायथ्याला पराक्रमाच्या गोष्टी ज्याला त्याला पाठ असतात. त्या दिवशी पराक्रम चावडीच्या दारात उभा होता, आणि पुरुषांतल्या एकालाही तो ओळखू आला नाही.

हैबती एकटाच पुढं निघून गेला. चढणीवर सून थबकली.

"आत्याबाई, त्यो ल्योक कुनावानी व्हता?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. बयाबाई दगडावर टेकली.

"तुज्या नवऱ्यावानी. लई रडका. समद्या वाडीनं ऐकलं व्हतं त्याला."