टोपातला गोड पाव

पाव मीच भाजला. आमच्याच चुलीवर, मोठ्या टोपात रेती घालून, झाकणावर निखारे ठेवून. कुणाला खोटं वाटत असेल तर येऊन बघा, टोप अजून काळाकुट्ट आहे.

झेंडावंदनाला प्रत्येकाने घरून काहीतरी खाऊ आणायचा, असं शाळेतल्या वर्षाबाईंनी सांगितलं होतं. माझी रविना तिसरीत. उड्या मारतच घरी आली. "आये, मामासारखा गोड पाव कर!" मामा म्हणजे माझा भाऊ मंगेश. जव्हारला एका बेकरीत पीठ मळतो. त्यानेच मला शिकवलं, यीस्टची पुडी पण त्यानेच दिली. मैदा, गूळ, दूध, वेलची, सगळं घातलं, पण थंडीने पीठ फुगेल तर शपथ! शेवटी आमची एकुलती एक गोधडी त्याला गुंडाळली आणि मायलेकी चुलीजवळ कुडकुडत बसलो. दुपारी मळलेलं ते संध्याकाळी फुगलं. भाजताना असा वास सुटला की शेजारची धोंडीबाई दोनदा विस्तव मागायला आली.

सकाळी टोपली रविनाच्याच डोक्यावर. मला हात लावू देईना.

झेंडा झाला. खाऊ वाटायला वरच्या पाड्यातली हिरी उभी राहिली. वरचा पाडा शेतीवाल्यांचा, आम्ही खालचे कातकरी. त्यांची भातं आम्ही लावतो, आम्ही कापतो, आम्ही झोडतो. तो भात त्यांना चालतो. पोटात जाताना त्याला कुणी जात विचारत नाय.

हिरीने आमची टोपली भिंतीकडे सारली. "राहू दे गो, नंतर बघू." आणि आदल्या दिवशी जव्हारहून आणलेली पावाची पिशवी फोडली. तिचा बारक्या मात्र आमच्या टोपलीकडे धावला. हिरीने त्याचं मनगट धरून मागे ओढलं. "खालच्यांचं नको खाऊ." हळू नाय, चांगलं मोठ्याने. रविनाने ऐकलं. वर्षाबाईंनीही ऐकलं, आणि त्या झेंड्याची दोरी नीट करायला लागल्या. दोरीला काय झालं होतं?

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ती पिशवी मी ओळखली. मंगेशच्या बेकरीची! तिथे पीठ मळणारा तो एकटाच. शेठने त्याला पहिल्या दिवशीच बजावलंय, "कोण, कुठला, गिऱ्हाइकाला सांगायचं नाय. विचारलं तर वसईचा सांग." म्हणजे माझ्या भावाने मळलेलं साफ, आणि मी मळलेलं घाण?

मी सरळ पुढे गेले. "हिरीबाय, हा पाव कुणी मळला, माहीत आहे का तुला?"

"बेकरीवाल्याने. का गो? साफसूफ माल असतो त्यांचा."

"साफसूफ? मग ऐक. सगळ्यांनी ऐका..."

मागून पदर ओढला गेला. रविना. आवाज अगदी हळू. "आये, नको. मामाला कामावरून काढतील."

तोंडात आलेला शब्द मी गिळला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. हिरीचा राग आहेच, बाईंचा तर जास्त आहे. पण आठ वर्षांच्या पोरीला कुठे गप्प बसायचं ते कळावं? कुणी शिकवलं तिला? मी तर नाय शिकवलं!

"काय ते बोल की," हिरी म्हणाली.

"काय नाय."

हिरी हसली. तिला दयाच आली असावी. पिशवीतला एक पाव काढून तिने रविनाला पुढे बोलावलं. "घे गो पोरी, तुला पण." बोटाला बोट लागू नये म्हणून तो तिने वरूनच ओंजळीत टाकला.

आणि माझी पोर खाली मान घालून "थँक्यू" म्हणाली.