हलका झालेला प्रोग्राम

पिरंगुटच्या मंगल कार्यालयात उभं राहायला जागा नव्हती. व्यासपीठावर दयानंद महाराज लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसले होते आणि मागच्या पडद्यावर सगळ्यांना आकडे दिसत होते. इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या अमोलने स्वतः बनवलेला प्रोग्राम पेन ड्राइव्हवर आणून दिला होता. आकार चाळीस एमबी.

महाराजांनी उजव्या हाताने अंगारा उधळला. डावा हात कीबोर्डवर ठेवून काहीतरी पुटपुटले. पडद्यावर आकडा आला, नऊ.

"चालवून बघ, बाळा."

अमोलने चालवला. प्रोग्राम पहिल्यासारखाच चालला.

"यंत्राच्या पोटातलं पाप झडलं," महाराज म्हणाले. "मग माणसाच्या पोटातली गाठ का झडणार नाही? कापाकापी कशाला?"

पहिल्या रांगेतल्या तुळजाबाईंनी अंगाऱ्याची पुडी कनवटीला खोचली. शेजारी बसलेल्या सुनेने, शुभांगीने, ते पाहिलं. सोमवारी सासूबाईंच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन होतं. उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"सोमवारचं ऱ्हाऊ दे गं," तुळजाबाई म्हणाल्या. "हितं न कापता झडतंय."

शुभांगी महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. चारचौघांत बोलायचं ती टाळायची. तरी ती उठली.

"महाराज, हाच नऊचा प्रोग्राम अजून हलका करा ना."

"लोभ बरा नव्हे, मुली."

"अवो, करा की," मागून कुणीतरी म्हणालं. "अंगारा संपला काय?"

हशा पिकला. महाराजांना करावंच लागलं. अंगारा उडाला, डावा हात फिरला. आकडा नऊच. पुन्हा उडाला. नऊच.

"सभेत कुणीतरी नास्तिक बसलाय," महाराज पुटपुटले.

"मीच ती," शुभांगी म्हणाली आणि व्यासपीठावर गेली. पेन ड्राइव्हवरचा मूळ प्रोग्राम घेऊन तिने एका ओळीची आज्ञा टाइप केली. चाळीसचे नऊ झाले.

"चूक झालीच तर कुठे झाली ते सापडावं, म्हणून प्रोग्रामच्या आत नावं, खुणा ठेवलेल्या असतात. चालायला त्या लागत नाहीत. ही आज्ञा त्या काढून टाकते. महाराजांनी तीच एका बटणाला जोडून ठेवलीय, डाव्या हाताखाली. एकदा खुणा गेल्या की पुन्हा काढायला उरतंय काय?"

तुळजाबाईंचा जन्म आंबेमोहोर पिकवण्यात गेलेला. त्या सावकाश म्हणाल्या, "म्हंजी भात भरडल्यावानी. तूस एकदाच निघतं. तांदूळ परत गिरणीत घातला तर कण्याच व्हत्यात." मग महाराजांकडे वळल्या. "पन माजी गाठ तूस न्हाई, बाबा. ती वाढतीया."

महाराजांना एकाएकी पुढच्या गावचं निमंत्रण आठवलं.

चमत्कार पाहून हात जोडण्याआधी एवढंच म्हणावं: पुन्हा करून दाखवा, आणि अंगाऱ्याशिवाय होतं का तेही बघू द्या. विचारायला धीर लागतो, पण विचारल्याने कुठलाही देव रागावत नाही.

सोमवारी पहाटे तुळजाबाईंनी पुडी सोडली आणि त्या अंगाऱ्याने दवाखान्यात न्यायचा तांब्या घासला. लख्ख निघाला. राखेत तेवढा गुण असतोच.