पयलो ववसो

सुभद्राच्या नवऱ्याला समुद्राने नेलं नाही. गलबतावर वीस वर्षं काढून तो धडधाकट घरी आला आणि आठ दिवसांच्या तापात गेला. सुगंधा तेव्हा चार वर्षांची होती. मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी त्यांची वाडी. शेजारच्या घरात दीर दाजी, त्याची बायको आणि पोरंबाळं. ह्या घरात मात्र मायलेकी दोघीच.

सुभद्राला अक्षरओळख नव्हती, पण सण तिच्याकडून कधी चुकला नाही. खाडीचं पाणी रोज थोडं थोडं चढत बांधाच्या वरच्या दगडांना लागू लागलं, की चंद्राकडे एकदा बघून ती लेकीला सांगायची, "चार दिसांनी पुनव." श्रावणातल्या पुनवेला दोघी नारळ घेऊन खाडीच्या तोंडाशी जायच्या. नव्याच्या पुनवेला नवं पिकलेलं भात आंब्याच्या पानासकट दारावर बांधायच्या आणि नव्या तांदळाची खीर करायच्या. त्रिपुरीला देवळाच्या दीपमाळेवर पणत्या, शिमग्याच्या पुनवेला होळीपुढे नारळ. एवढ्याशा पोरीला तिने कुठल्या पुनवेला काय, ते बोटांवर मोजून पाठ करायला लावलं होतं. घरात पुरुष नाही म्हणून सण राहिला, असं कोणी म्हणू नये एवढाच तिचा हट्ट.

चौपन्न सालच्या वैशाखात सुगंधाचं लग्न झालं. मुलगा सत्यवान, पेडण्याकडचा. पेडणं पोर्तुगीज राज्यात, पण सोयरिकी काय सरकार बघून होत नसत. बांद्यापर्यंत एस.टी., पुढे अर्ध्या दिवसाची वाट. मालवणच्या कितीतरी मुली तिकडे नांदत होत्या.

निघताना सुगंधा रडली नाही. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "आये, थंयची पद्धत येगळी असली तर?"

"पुनव खंय बदलता गो? थंयसर पण तीच," सुभद्रा म्हणाली. "आणि गवरीक मी येतंय ना सुपां घेवन. पयलो ववसो माझ्या हातचो."

लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नव्या सुनेने फळं, भाज्या, खोबरं भरलेली सुपं गौरीपुढे ठेवायची आणि मग घरातल्या मोठ्यांना द्यायची, हा ववसा. ती सुपं माहेरहून यावी लागतात. ती आली नाहीत तर सून सासरी वर्षानुवर्षं टोमणे ऐकते, हे सुभद्राने स्वतःच्या एका चुलत जावेच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच पावसाळ्यात गोव्याची हद्द बंद होऊ लागली. सत्याग्रही जात होते, पकडले जात होते, बांद्याच्या पुढे नाकी बसली होती. भाद्रपदात सुभद्रा कट्टा गावच्या बाजाराला गेली आणि पाच नवी सुपं घेऊन आली. पिवळीधमक, बांबूचा ओला वास असलेली.

दाजी म्हणाला, "वयनी, ऐक माझा. सोडूचे नाय ते."

"माका सोडतले. मी काय झेंडो घेवन जातंय?"

दाजी तिच्याबरोबर बांद्यापर्यंत गेला. नाक्यावरचा शिपाई घाटावरचा होता. त्याने परवाना मागितला. सुभद्राने सुपांवरचं फडकं बाजूला करून त्याला काकड्या दाखवल्या, केळी दाखवली, हळदीची पानं दाखवली.

"हे विकायला नेताय का?"

"ववसो आसा, बाबा. लेकीचो पयलो ववसो."

त्याला तो शब्दच कळला नाही. माणूस वाईट नव्हता. त्याने तिला सावलीत बसायला सांगितलं, पाणी दिलं, पण वाट दिली नाही. दुपार टळेपर्यंत ती सुपं मांडीशी धरून तिथे बसली. पलीकडे जाणारा रस्ता चांगला रुंद होता, मोकळा होता, त्यावरून एक गाय चालत गेली. संध्याकाळच्या गाडीने दाजीने तिला परत आणलं. काकड्या त्याच्या पोरांनी खाल्ल्या. सुपं सुभद्राने ओटीच्या भिंतीला टांगली आणि त्यांत कधी तांदूळ पाखडला नाही.

पुढल्या वर्षी पत्रादेवीला गोळीबार झाला, माणसं मेली, आणि मग जाण्याचं नावही कोणी काढीना. एखाद्या खलाशाच्या तोंडी उडतउडत बातमी यायची. एकदा अशीच बातमी आली, "तुझ्या लेकीक चेडू झाला, नाव जानकी ठेवल्यानी." नात तेव्हा सहा महिन्यांची झाली होती. सुभद्राने गूळ वाटला. वाटताना तिच्या लक्षात आलं, पोर कोणासारखी आहे हे विचारायचं राहूनच गेलं. तो खलाशी पुन्हा त्या बंदराला आला नाही.

एकटीने सण करणं ही काय गोष्ट आहे, ते तिला त्या वर्षांत कळलं. नारळी पुनवेला सगळी वाडी वाजतगाजत किनाऱ्याला जायची. पुरुष नारळ लढवायचे. नारळावर नारळ आपटायचे आणि फुटला की आरडाओरडा व्हायचा. ती गर्दीच्या कडेने जाऊन आपला नारळ पाण्यात सोडायची आणि परत फिरायची. नव्याची खीर गोड झाली की अगोड, हे सांगायला समोर कोणी नसायचं. शिमग्यात रोंबाट अंगणात यायचं, ढोल बडवून नाचून जायचं, आणि ते गेल्यावर अंगण आधी होतं त्यापेक्षा जास्त रितं वाटायचं. वडाच्या पुनवेला विधवेने वडाकडे जायचं नसतं. पण आदल्या दिवशी, कोणी नसताना, ती जाऊन वडाखालचा पाचोळा झाडून यायची. तेवढंच सत्यवानाच्या आयुष्यासाठी.

दाजीची बायको एकदा म्हणाली, "एकट्या माणसाक कसली पुनव, बाय? आमच्यात येवन जेवा नि सुटा."

सुभद्रा जेवायला गेली नाही. तिच्या डोक्यात वेगळंच चाललेलं असे. आज तिकडे सुगंधाची सासू बोलत असेल. 'आवशीन साधी पाच सुपां धाडूक नाय.' सासूचं नाव आनंदीबाई. लग्नात पाहिलेली, उंच, हाडापेराची, कमी बोलणारी बाई. त्या एका ओळखीवर सुभद्राने तिच्या तोंडी सात वर्षं शब्द घातले, आणि ते सगळे कडू होते.

एकसष्टच्या डिसेंबरात दाजी कट्ट्याहून जवळजवळ पळतच आला. "वयनी! गोवा सुटला! फौज आत गेली!"

सुभद्रा तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं, आणि उचललं, आणि पुन्हा ठेवलं.

लगेच काही जाता आलं नाही. पौषाच्या पुनवेला लेकीकडे पोचायचं तिने ठरवलं. अष्टग्रही जवळ आली होती, जग बुडणार असं लोक बोलत होते, देवळादेवळांत होम चालले होते. दाजी म्हणाला, "ह्या दिवसांत खंय जातंस?" ती म्हणाली, "बुडूचाच तर लेकीच्या घरात बुडान." भिंतीवरची पाच सुपं तिने उतरवली, पुसली. आता ती काळपट झाली होती, एकाची कड उसवली होती. ववसा गौरीचा, हे तिला कळत होतं, तरी एका जुन्या लुगड्यात बांधून तिने ती बरोबर घेतली.

बांद्याच्या पुढचा तो रस्ता तिने ह्या वेळी ओलांडला. कोणी काही विचारलं नाही. गावात पोचल्यावर तिने विहिरीवरच्या बायकांना विचारलं, "सुगंधाचा घर खंयसर?"

"सुगंधा? अशी कोण नाय हंय."

सुभद्रा म्हणाली, "सत्यवानाची बायल."

"अगे, सरला!" एक म्हातारी हसली. "सरला म्हण मगे!"

लग्नात नाव बदललं होतं, तांदळात लिहिलं होतं. सुभद्राने ते नाव कधी तोंडात घेतलंच नव्हतं. ती म्हातारी घागर तिथेच ठेवून वाट दाखवायला आली, आणि चालता चालता म्हणाली, "तुमी तिची आवय? धन्य तुमची, बाई! एवढो पोलीसपहारो, आणि तुमी काळोखातसून होडयेन सुपां धाडलात! पाच सुपां, काठोकाठ भरलेली. आमच्या गावात असो ववसो कोणाचो झाल्लो नाय."

 काखेतलं गाठोडं सुभद्राने दुसऱ्या हाताने घट्ट धरलं.

सुगंधा अंगणात वाल सोलत होती. अंगाने भरली होती, केसांना वेगळंच वळण होतं. उठली, दोन पावलं आली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. तिच्यामागे सहा वर्षांची जानकी आणि तिचा हात धरून धाकटा भाऊ. मुलं लांबूनच बघत होती.

"आये," सुगंधा थोड्या वेळाने म्हणाली, "ती सुपां इली ना, तेव्हा मी खूप रडलंय. म्हटला, माझ्या आवशीन एवढा केल्यान. त्या दिवसापासून माका कोणी कमी म्हटला नाय."

सुभद्राने वर पाहिलं. ओटीवर आनंदीबाई उभी होती. खांबाला धरून, कारण दृष्टी अधू झाली होती. तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

"पोचली ना," सुभद्रा म्हणाली. "पोचली म्हणजे झाला."

दुपारी सत्यवान शेताकडे गेला आणि सुगंधा मुलांना घेऊन विहिरीवर गेली, तेव्हा आनंदीबाई चाचपडत तिच्याजवळ येऊन बसली.

"विहीणबाई, मी खोटा बोललंय. आमच्या गड्याक पेडण्याच्या बाजारात धाडून सुपां हाडली, पहाटे खाडीवरसून आणल्यासारखी घरात घेतली. सरलाकव सांगूक नाय. गावात तोंडां मोठी, आणि पोर रोज वाटेर बघत बसायची. तुमका सांगूचा असला तर सांगा तिका. माका राग नाय."

 सात वर्षं सुभद्रा ज्या बाईशी मनात भांडली होती ती ही. तिने गाठोडं सोडलं. आनंदीबाईने हात पुढे केला, एका सुपाच्या उसवलेल्या कडेवरून बोटं फिरवली.

"तेव्हाची?"

"तेव्हाची. बांद्यासून परत नेली."

 आढ्यावर कबुतरं घुमत होती.

"सांगूया तिका," आनंदीबाई म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. "ह्यां तिका कळाक होया."

सुभद्राच्या ओठांवर हो आलं होतं. नाक्यावरची ती दुपार, भिंतीवरची सुपं, सगळं लेकीपुढे मांडावं असं तिला फार वाटलं. पण मग सुगंधाला हेही कळणार की आईची सुपं आलीच नव्हती. जिच्या जोरावर पोर ह्या घरात ताठ मानेने वावरली, ती गोष्टच काढून घ्यावी लागणार.

"नको," ती म्हणाली. "तुमी दिलात तां माझ्या नावान दिलात. रवांदे तसाच. ही सुपां तुमी वापरा. भात पाखडूक होतली."

त्या संध्याकाळी अंगणात चंद्र लख्ख वर आला. जानकी सुभद्राच्या जरा जवळ सरकून बसली आणि म्हणाली, "आज पौषाची पुनव. माका सगळ्यो पुनवो येतत. आजयेन शिकयल्यान." आणि तिने आनंदीबाईकडे बोट दाखवलं. सुगंधा हसून म्हणाली, "दोघी मिळान म्हणतत." मुलीने बोटांवर मोजून सगळ्या म्हणून दाखवल्या, एकही न चुकता. सुभद्राने तिची पाठ थोपटली. मग तिला पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं.

चौथ्या दिवशी ती निघाली. सगळ्यांनी राहायला सांगितलं. अष्टग्रही आली तशी गेली, जग होतं तिथेच राहिलं.

चैत्रात सुगंधा दोन्ही मुलांना घेऊन माहेरी आली. आठ वर्षांनी. वाडीतल्या बायका भेटून गेल्या, दाजीने शहाळी काढून दिली, मुलं रेतीत लोळली. सुभद्राने रोज काहीबाही रांधलं. पाचव्या दिवशी सुगंधा ओटीवर बसून बोलता बोलता मधेच थांबू लागली.

"काय झाला गो?"

"काय नाय. सासूक आता चुलीकडचा दिसत नाय. हात बीत भाजून घेतली."

"मगे जा."

"पुनव झाल्यार जातंय. परवा पुनव. तुझ्याबरोबर करूया म्हटला."

"थंय पण पुनव आसा," सुभद्रा म्हणाली. "ती बाई दिसभर घरात एकटी आसा. जा तू."

सुगंधाने आईकडे नीट पाहिलं, काही विचारायचं होतं तसं. मग ती मुलांचे कपडे आवरू लागली. सकाळी कट्ट्याच्या थांब्यावर सुभद्राने तिघांना गाडीत बसवलं. जानकीने खिडकीतून हात हलवला, धाकटा झोपला होता.

घरी परतेपर्यंत ऊन चढलं होतं. दाजी कुंपणापलीकडून म्हणाला, "पुनवेसर रवली नाय, वयनी?"

"तिचा घर आसा थंय," सुभद्रा म्हणाली. मुलांनी अंगणभर शिंपल्या टाकल्या होत्या. त्या गोळा करायला ती वाकली, आणि सगळ्या गोळा न करता तशीच आत गेली.