मी गळत नाही, पाझरते

मित्रांनो, मी कॅनव्हासची एक जुनी पाणपिशवी आहे, आणि तुम्हा माणसांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वाळवंटात मी व्हर्ल आजोबांच्या ट्रकपुढे लटकायचे. अंगातून पाणी पाझरायचं, वारा लागायचा, की आतलं पाणी गार. आजोबा चारचौघांत माझं कौतुक करायचे. मग गाडीत बसणारे छोटे फ्रिज आले आणि मी गॅरेजमधल्या खिळ्यावर गेले. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले.

या उन्हाळ्यात लेक केलीन, जावई ट्रेंट आणि नात ब्रिनली यांच्याबरोबर आजोबा लाल दऱ्यांची राष्ट्रीय उद्यानं बघायला निघाले. हट्टाने त्यांनी मला जावयाच्या नव्या गाडीपुढे बांधलं.

"तुमची पिशवी गळतेय. बंपरवर डाग पडतायत," ट्रेंट म्हणाला.

"गळत नाही, पाझरते. तुला नाही कळायचं, तुझा जन्म एसीत गेलाय."

"आणि तुम्ही काय टपावर बसून आलात?"

रोज हेच. दऱ्यांचे लाल कडे बघायचे सोडून दोघे एकमेकांवर डोळे वटारत. एका सकाळी आजोबांची पाठ फिरताच ट्रेंटने माझं सगळं पाणी झुडपात ओतलं. वर बूच घट्ट लावलं, लबाडाने.

त्याच दुपारी आडवाटेच्या दरीतून परतताना ब्रिनली गाडीजवळच कोसळली. बाटल्या संपल्या होत्या. फ्रिजमध्ये नुसता कोला, तोही तिने ओकून टाकला. अंग भट्टीसारखं तापलं होतं.

"रडू नकोस, केलीन. पिशवी भरलेली आहे," म्हणत आजोबांनी बूच काढलं.

मी कोरडी ठणठणीत.

"कोणी ओतलं?"

"मी," ट्रेंट पुटपुटला. "गाडी खराब होत होती."

आजोबांनी हात उगारला. मग तोच हात नातीच्या मानेखाली घातला. "गाडी हाण!"

उद्यानाच्या रखवालदाराच्या, म्हणजे रेंजरच्या, चौकीत ओल्या टॉवेलांत गुंडाळून, घोट घोट पाणी पाजून पोरीला सावध केलं. रेंजरबाईंनी ट्रेंटला झापलं, "लेकरू घेऊन वाळवंटात आलात आणि पाणी नाही? गाडी मात्र चकाचक!"

संध्याकाळी ट्रेंट एकटाच मला नळाशी घेऊन आला. काठोकाठ भरून त्याने मला जागेवर बांधलं. आजोबांनी दुरून पाहिलं.

मित्रांनो, खिळ्यावर टांगून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. आम्हा जुन्यांना कामाला लावा आणि आमचा ओलावा सोसा. ट्रेंटला मी माफ केलेलं नाही. त्याच्या चकचकीत बंपरवर मी मुद्दाम, मनसोक्त पाझरले. त्याने फडकं उचललं नाही.